खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील कसे जोडावे

कोकण किनाऱ्यावर सोलर पॅनेलची चौकट आणि तिचे क्लॅम्प, गॅलरीचे रेलिंग, ट्रॉलरच्या केबिनचा पत्रा आणि त्यावरच्या बिजागऱ्या अशा कितीतरी ठिकाणी ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील एकमेकांना जोडलेले असतात. काही पावसाळे गेले की सांध्याभोवती पांढरी भुकटी जमते, रंगाला फोड येतात आणि माल हलका निघाला असे म्हटले जाते, पण दोष बहुतेक वेळा जोडणीत असतो.

समुद्राच्या पाण्यात या दोन धातूंच्या विद्युत विभवांत (विजेच्या पातळीत) साधारण 0.7 व्होल्टचा फरक पडतो. ते एकमेकांना टेकलेले असले आणि दोघांवर खारट ओल पसरली की तिथे बॅटरीसारखा घट तयार होतो व त्यात ॲल्युमिनियम विरघळत जाते. पाऊस नसतानाही हे चालू राहते, कारण हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेली की पृष्ठभागावरचे मीठ स्वतःच पाणी ओढून घेते. वेंगुर्ल्याला किंवा हर्णैला ही ओल टाळता येणार नाही. आपल्या हातात आहे ते धातूंचा थेट स्पर्श तोडणे.

त्यासाठी चिकटवून केलेला जोड उत्तम, कारण इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन वीज वाहू देत नाही. मात्र कार्बन किंवा धातूची पूड मिसळलेला चिकटपदार्थ वापरू नये. काम शक्यतो कोरड्या ऋतूत घ्यावे. दोन्ही पृष्ठभाग आधी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावेत, ॲसिटोनने तेलकटपणा काढावा, पॉलिश पेपरने घासावे आणि पुन्हा ॲसिटोनने पुसावे. ॲल्युमिनियमवर लोखंडी तारेचा ब्रश कधीही चालवू नये. त्यातले लोखंडाचे कण पृष्ठभागात रुतून नवा गंज सुरू करतात. घासलेल्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच धरू लागतो आणि दमट हवेत तो पाणीही धरतो, म्हणून चिकटवण्याचे काम दुसऱ्या दिवसावर ठेवू नये.

चिकटपदार्थाचा थर दाबून अगदी पातळ करण्याची सवय इथे घातक ठरते. थर सर्वत्र सारखा राहावा म्हणून इपॉक्सीत सुमारे 0.2 मिलिमीटरचे काचेचे बारीक मणी मिसळावेत. ते दोन पत्रे एकमेकांना टेकू देत नाहीत. जोड लांब असल्यास लवचिक पॉलियुरेथेन घ्यावे. तापमान 40 अंशांनी वाढले तर दोन मीटर लांबीत ॲल्युमिनियम हे 316 या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलपेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक पसरते आणि कडक इपॉक्सीचा जोड कडेपासून सुटू लागतो. कडा सीलंटने पूर्ण बंद कराव्यात, कारण पाणी तिथूनच आत शिरते आणि अडकलेल्या खारट पाण्यात प्राणवायू कमी पडला की स्टेनलेस स्टीललाही खड्डे पडू शकतात.

एवढे करूनही आधारासाठी उघडा बोल्ट आरपार घातला, तर दोन्ही धातू त्यातून पुन्हा जोडले जातात. बोल्ट घालायचाच असेल तर त्यावर नायलॉनचा बुश (नळीसारखे आवरण) चढवावा आणि डोक्याखाली व नटाखाली नायलॉनचा वॉशर घालून त्याबाहेर स्टीलचा वॉशर ठेवावा. तांबे किंवा ग्रॅफाइट असलेले ग्रीस आट्यांना लावू नये. क्षेत्रफळाचाही विचार हवा: मोठ्या ॲल्युमिनियम पत्र्यात छोटा स्टीलचा स्क्रू एकवेळ निभावतो, पण स्टीलच्या मोठ्या पत्र्यात ॲल्युमिनियमचे रिव्हेट लवकर खाल्ले जाते.

रंगाच्या बाबतीत बहुतेकांची चूक होते, आणि ती महागात पडते. फक्त ॲल्युमिनियम रंगवले तर रंगातल्या एखाद्या सुईएवढ्या छिद्रावर सगळा हल्ला एकवटतो आणि पत्र्याला आरपार भोक पडते. म्हणून रंग दोन्ही धातूंना द्यावा, आणि एकच रंगवणे शक्य असेल तर स्टील रंगवावे.

स्टील निवडताना 304 ऐवजी 316 घ्यावे, कारण त्यातल्या 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनममुळे ते मिठातल्या क्लोराइडला अधिक टिकते. मात्र ॲल्युमिनियमशी असलेला विभवांतला फरक त्यामुळे कमी होत नाही, तेव्हा 316 वापरले म्हणून वॉशर गाळू नये.

चिकटपदार्थ पूर्ण वाळल्यावर, जोड कोरडा असताना, मल्टीमीटर बीप वाजणाऱ्या (कंटिन्युइटी) सेटिंगवर ठेवून त्याची एक पिन रंग नसलेल्या ॲल्युमिनियमवर व दुसरी तशाच स्टीलवर टेकवावी. बीप वाजला तर कुठेतरी स्पर्श राहिला आहे आणि तो शोधल्याशिवाय काम पुढे नेऊ नये. पावसाळी मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा प्रत्येक सांधा गोड्या पाण्याने धुऊन सीलंटच्या कडा तपासाव्यात आणि सुटलेला भाग खरवडून, वाळवून नव्याने भरावा.