दिनविशेषाचा फलक लिहिताना या चुका टाळा

कोकणातल्या शाळांत परिपाठाच्या वेळी दिनविशेष वाचला जातो, वाचनालयांच्या दारात रोज सकाळी खडूने तो लिहिला जातो आणि आता तोच मजकूर गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवरही फिरतो. एकाच तारखेखाली चार-पाच शतकांतल्या घटना ओळीने मांडल्या की त्या सगळ्या खरोखरच वर्षाच्या एकाच दिवशी घडल्या असाव्यात, असा वाचणाऱ्याचा समज होतो. हा समज पुष्कळदा चुकीचा असतो आणि त्यातून पुढच्या चुका जन्माला येतात. मुले हे वाक्य न् वाक्य खरे मानून वहीत उतरवून घेतात, म्हणून या चुकांकडे काळजीपूर्वक पाहिले पाहिजे.

तारीख कोणत्या गणनेतली आहे, हे न पाहणे

सर्वांत मोठी चूक हीच आहे आणि कोकणच्या इतिहासात ती पावलोपावली आडवी येते. पोर्तुगालने ऑक्टोबर १५८२ मध्ये ग्रेगोरियन, म्हणजे आज चालते ती, गणना स्वीकारली. इंग्रज मात्र सप्टेंबर १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियन गणनेलाच धरून राहिले. त्यामुळे सतराव्या शतकात चौल, वसई आणि गोव्यातले पोर्तुगीज एका दिवसाला जी तारीख घालत, तिच्यापेक्षा दहा दिवस मागची तारीख राजापूरच्या वखारीतले इंग्रज त्याच दिवशी आपल्या पत्रावर घालत असत. शिवाय इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलत असे, म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या त्यांच्या कागदांवर अनेकदा मागचेच वर्ष दिसते. या दोन्ही बाबी ध्यानात न घेता दोन दप्तरांतल्या तारखा शेजारी ठेवल्या, तर आधीची घटना नंतर आणि नंतरची आधी घडल्यासारखी वाटते.

रायगडावरील राज्याभिषेकाचे उदाहरण घ्यावे. तो ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, शनिवार या दिवशी झाला आणि त्याची रूढ तारीख ६ जून १६७४ ही आहे. फोनमधले कॅलेंडर मागे नेऊन ही तारीख पाहिली, तर तेथे बहुधा बुधवार दिसतो, कारण ते आजचीच गणना मागे ताणत नेते. ६ जून ही तारीख जुन्या गणनेतली आहे. आजच्या गणनेने तो दिवस १६ जूनचा होतो आणि मग वार बरोबर शनिवार येतो. गणना बदलली तरी वारांची साखळी कधी तुटली नाही, कारण इंग्रजांनी बुधवार २ सप्टेंबर १७५२ नंतर गुरुवार १४ सप्टेंबर धरला. म्हणून जुन्या घटनेची तारीख तपासताना वार हा सर्वांत भरवशाचा साक्षीदार आहे. तिथीसोबत दिलेला वार तारखेशी जुळत नसेल, तर तारीख खोटी ठरवण्याआधी गणना कोणती आहे ते पाहावे.

याचा अर्थ राज्याभिषेक दिन १६ जूनला हलवावा असा मुळीच नाही. रायगडावर तारखेने आणि तिथीने असे दोन्ही सोहळे होतात आणि दोन्ही आपापल्या जागी योग्य आहेत. फलकावर मात्र रूढ तारखेसोबत तिथी, शक आणि पंचांगातला वार द्यावा, आणि १९४४ मध्ये दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या त्या ६ जूनशी जोडून ‘बरोबर २७० वर्षांपूर्वी याच दिवशी’ असे लिहिणे टाळावे, कारण ते बरोबर नाही. सिंधुदुर्गाच्या पायाभरणीची २५ नोव्हेंबर १६६४ ही तारीखही याच जुन्या गणनेतली आहे; ती मार्गशीर्ष वद्य द्वितीया, शके १५८६ शी ताडून पाहता येते.

शकाचे इसवी सन करतानाही ठरावीक चूक होते. प्रत्येक वेळी ७८ मिळवण्याची सवय जडलेली असते, पण १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंतच्या दिवसांसाठी ७९ मिळवावे लागतात. शिवजन्माची शासनमान्य तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी आहे. ७८ मिळवले तर १६२९ येते आणि १९ फेब्रुवारी १६३० शी मेळ बसत नाही. घोळ पंचांगाचा नसून बेरजेचा आहे. पौषात तर विशेष जपावे, कारण त्या महिन्यात इसवी सन बहुधा मध्येच बदलते.

जागतिक पुस्तक दिनाच्या, म्हणजे २३ एप्रिलच्या फलकावर शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिस १६१६ मध्ये एकाच दिवशी वारले असे हमखास लिहिले जाते. शेक्सपिअरची तारीख इंग्लंडच्या जुन्या गणनेतली आहे आणि सर्व्हान्टिसची स्पेनच्या नव्या गणनेतली, त्यामुळे दोघांच्या मृत्यूंत प्रत्यक्षात दहा-अकरा दिवसांचे अंतर पडते.

घटना एक आणि तारीख दुसरीची

विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत. तेथून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर याने १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात हेलियमचा शोध लावला, असे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने लिहिले जाते. त्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन याने गुंटूर येथून सौरज्वाळांच्या वर्णपटाचे निरीक्षण केले, हे खरे आहे. लॉकयर मात्र त्या वेळी इंग्लंडमध्ये होता आणि ग्रहणाची वाट न पाहता तसे निरीक्षण त्याने २० ऑक्टोबर १८६८ रोजी तिथूनच साधले. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला, आली. एका दिवसाचा खरा योग हा आहे आणि तो फलकांवर क्वचितच दिसतो. लॉकयर विजयदुर्गाला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोपर्यंत रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्से याने १८९५ मध्ये पृथ्वीवरील खनिजातून हेलियम वेगळा करून दाखवलाही होता. म्हणजे स्थळ खरे, माणूस खरा, ग्रहणही खरे, पण तीस वर्षांचे अंतर पुसून दोन ग्रहणे एक केली गेली. विजयदुर्गाचा मान राखायचा असेल तर २२ जानेवारीला तो ठळकपणे राखावा. ती नोंद पूर्णपणे पुराव्याची आहे.

महाडच्या बाबतीतही असेच मिश्रण होते. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा आणि मनुस्मृतीचे दहन त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरचे. दोन्ही एका ओळीत घालू नयेत.

योग आणि योजना यांत गल्लत

१ मे या दिवशी महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये स्थापन झाले आणि १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. याला योगायोग म्हणू नये. राज्याच्या स्थापनादिनीच नवा जिल्हा अस्तित्वात आणला गेला. २६ जानेवारीचेही तसेच आहे. १९३० मध्ये त्या दिवशी पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली, म्हणून २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलेली राज्यघटना २६ जानेवारी १९५० पासून अमलात आणली. उलट १ ऑगस्ट १९२० हा खरा योग आहे. असहकाराच्या आरंभासाठी तो दिवस आधीच ठरला होता, आणि रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांचे मुंबईत निधन झाले ते ३१ जुलैची मध्यरात्र उलटून गेल्यावर. सूर्योदयापासून दिवस मोजणाऱ्याच्या लेखी ती रात्र ३१ जुलैचीच ठरते. अण्णा भाऊ साठे यांची जन्मतारीखही १ ऑगस्ट १९२० हीच.

घड्याळाच्या फरकाकडेही लक्ष असावे. चंद्रावर माणूस उतरला ती तारीख सगळीकडे २० जुलै १९६९ अशी छापली जाते, पण आपल्याकडे तेव्हा २१ तारखेची पहाट सुरू व्हायची होती आणि घड्याळात रात्रीचे पावणेदोन वाजून गेले होते.

शेवटची चूक वगळण्याची आहे. तयार याद्या बाहेरून येतात, म्हणून त्यांत किनाऱ्यावरच्या घटना नसतात. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीच्या मजकुरात, गुहागर तालुक्यातल्या कोतळूक येथे जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांचा १९१५ मधला स्मृतिदिन राहून जातो. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ही ओळ अलिबाग-रेवस पट्ट्यातल्या प्रत्येक फलकावर त्या दिवशी सर्वांत वर असावी.