गावातला शिलालेख कसा वाचावा: उजेड, फोटो आणि शकाचा हिशोब

देवळाच्या दारावरची पट्टी, बारवेचा कोनाडा, दीपमाळेचा चौथरा, घाटाची पायरी, वेशीची कमान. जुन्या गावात कोरीव लेख शोधायचा तो अशा जागी. भरदुपारी समोर उभं राहून पाहिलं तर तिथे नुसता खरबरीत दगड दिसतो. तोच लेख तिरप्या उजेडात ओळीच्या ओळी वाचता येतो.

आधी काय करू नये

खडू, पीठ, हळद, गेरू यांतलं काहीही अक्षरांत भरू नये. भुकटी दगडाच्या छिद्रांत बसते आणि पुढच्या माणसाला अक्षराऐवजी आपला अंदाज दिसतो. ऑइलपेंटचं तर विचारूच नका. रंगाऱ्याला जे अक्षर वाटलं ते तो रंगवतो, म्हणून रंगवलेला लेख वाचताना रंग कुठे संपतो आणि छिन्नीची खाच कुठे जाते हे वेगळं पाहावं लागतं. तारेचा ब्रश, आम्ल, साबण वर्ज्य. सुटी धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटकावी. दगडाला घट्ट चिकटलेलं दगडफूल खरवडू नये, त्यासोबत अक्षराची कड निघते. नुसत्या स्पर्शानेही झीज होते. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातला शके ११९५ ते ११९९ मधला यादवकालीन लेख ‘चौऱ्याऐंशीचा’ म्हणून ओळखला जातो. त्यावर पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, या श्रद्धेने भाविक तो घासत आले आणि अक्षरं गुळगुळीत झाली.

उजेड

भिंतीचं तोंड कुठे आहे ते पाहून वेळ ठरवावी. महाराष्ट्रात सूर्य माथ्यावर येतो तो साधारण साडेबाराला. पूर्वेकडच्या भिंतीवर त्याच्या जरा आधी आणि पश्चिमेकडच्या भिंतीवर जरा नंतर ऊन घासून जातं. दक्षिणेकडच्या भिंतीसाठी हिवाळ्यातली सकाळ किंवा संध्याकाळ धरावी. उत्तरेकडच्या भिंतीला ऊन मिळतं ते मे ते जुलैच्या सकाळ-संध्याकाळी, तेही ढग नसतील तर. सावलीतल्या पट्टीवर आरशाने ऊन पाडता येतं. हातात धरता येईल एवढा साधा आरसा पुरतो.

सगळ्यांत खात्रीचा मार्ग म्हणजे अंधार पडल्यावर टॉर्च. दगडापासून चार बोटं वर आणि अक्षरांपासून हातभर दूर धरला की कोन दहा अंशांच्या आसपास येतो. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: खाचेच्या रेषेतूनच उजेड आला तर तिची सावली पडत नाही. वरून टॉर्च धरला की शिरोरेखा उठून दिसते, पण काने हरवतात. बाजूने धरला की काने येतात आणि शिरोरेखा जाते. म्हणून डावी, उजवी, वर, खाली आणि चार कोपरे, असे आठ फोटो घ्यावेत. कॅमेरा जागचा हलू नये, फ्लॅश बंद असावा. मोबाइल असेल तर स्टँड आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा. शेजारी मोजपट्टी ठेवावी, पण ती दगडाला चिकटवू नये. कोणता फोटो कोणत्या बाजूच्या उजेडात घेतला हे तिथल्या तिथे लिहावं. खालून उजेड दिलेल्या फोटोत खोदलेली अक्षरं उठावाची वाटतात आणि वाचणारा फसतो.

अक्षरं

आधी जसंच्या तसं उतरवावं, अर्थ नंतर. ओळीला क्रमांक द्यावा, संशयित अक्षर चौकटी कंसात आणि आपली दुरुस्ती गोल कंसात लिहावी. गेलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्यावं. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ती आपणही सोडू नये.

जुन्या लेखांत सर्वाधिक घोळ घालते ती पडिमात्रा. एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता आधी उभी रेघ म्हणून कोरलेली असते, आणि ती मागच्या अक्षराचा काना वाटते. शब्द लागत नसेल तर तो काना पुढच्या अक्षराला देऊन पाहावा. ध-घ, प-य, च-व या जोड्याही तपासाव्यात. दुसरा घोटाळा दगडाचाच. आपल्या काळ्या पाषाणात वायूचे बुडबुडे राहिलेली छिद्रं असतात, ती हुबेहूब अनुस्वार वाटतात. लेखाबाहेरच्या दगडावर तशीच छिद्रं असतील तर त्या टिंबावर विसंबू नये.

शकाचा हिशोब

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो; १ जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथीला ७९. शुहूर सन, म्हणजे मृग नक्षत्राला (जूनच्या सुमारास) वर्ष बदलणारी जुन्या दफ्तरांतली कालगणना, असेल तर मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवावेत, पुढे ६००.

लेखात संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नाव असेल तर ताळा पाहता येतो. शकात १२ मिळवून ६० ने भागावं. बाकी उरेल तो प्रभव या पहिल्या संवत्सरापासूनचा क्रमांक, शून्य उरलं तर साठावा म्हणजे क्षय. शक कधी अंकांत नसतो, शब्दांत असतो. रायगडावर जगदीश्वराच्या देवळातल्या संस्कृत लेखात ‘षण्णवबाणभूमि’ असं आहे: सहा, नऊ, बाण म्हणजे पाच, भूमी म्हणजे एक. उजवीकडून डावीकडे मांडले की १५९६. त्यात १२ मिळवले तर १६०८, बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. लेखातही आनंद संवत्सरच आहे. ताळा जमला नाही तर आधी १ आणि ९ पुन्हा पाहावेत, झिजलेल्या दगडावर हेच दोन अंक जास्त फसवतात.

ठसा

ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवायचा, वरून शाईची गादी टिपायची आणि कागद अर्धवट वाळला की सोडवायचा, ही ठशाची पद्धत. पापुद्रे सुटणाऱ्या दगडावर ती करू नये, कागदाबरोबर अक्षर येतं. संरक्षित स्मारकावर पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय ठसा घेता येत नाही. आठ फोटो नीट आले असतील तर बहुतेक लेखांना त्याची गरजही पडत नाही.