मुलं ऐकत नाहीत तेव्हा: बालवाडीत नव्यानं लागलेल्या बाईंसाठी

बालवाडीत नवीन लागलेली बाई पहिल्या आठवड्यात हमखास विचारते, "ओ ताई, पोरं ऐकतच नाहीत की!" मी उलट विचारते, किती वाजता ऐकत नाहीत? कारण दंगा दिवसभर नसतो. डब्याच्या आधी, हात धुवायच्या रांगेत आणि घरी जाताना चपला शोधायच्या वेळी, म्हणजे जिथं मुलांना नुसतं थांबायचं असतं तिथंच बहुतेक ढकलाढकली होते. तीन-चार वर्षांचं मूल रिकाम्या हातानं उभं राहूच शकत नाही. तेव्हा आधी रांग मोडा. नळावर चौघांनाच पाठवा, तिथं मदतनीस उभी राहू दे, बाकीचे तुमच्याबरोबर गाणं म्हणतील. चपलांसाठी दाराबाहेर खडूनं चौकोन आखा, ज्याचा त्याचा चौकोन ठरवून द्या.

सोलापूरचं ऊन हाही दंग्याचाच भाग समजा. मार्चनंतर पत्र्याखाली अकरा वाजले की शहाणं पोरही किरकिर करतं. बैठं काम सकाळीच उरका आणि चिडलेल्या मुलाला काही बोलण्याआधी पाणी द्या.

सांगायची रीतही बदलावी लागते. "पळू नको" म्हटलं की मुलाला फक्त पळणं ऐकू येतं. "चालत ये" म्हणा. एका वेळी एकच गोष्ट सांगा, आणि खोलीच्या या टोकावरून ओरडून नाही, तर जवळ जाऊन, खाली बसून, नाव घेऊन. खेळ बंद करायचा असेल तर आधी कल्पना द्या, पण "पाच मिनिटं" असं नको. मिनिट म्हणजे काय हे त्याला कुठं कळतंय? "अजून दोनदा घसरगुंडी, मग डबा" हे कळतं. दोनदा झाल्यावर मात्र डबाच. तिथं तुम्ही पाघळलात की उद्या तिसऱ्यांदासाठी रडणं ठरलेलं.

आता चावणं. नव्या बाईंना सगळ्यात जास्त घाम याचाच फुटतो. लाल ठोकळा एकाच्या हातात, दुसऱ्यालाही तोच हवा, आणि तुम्ही पोचेपर्यंत दंडावर दातांची गोल खूण. आधी दोघांच्या मध्ये हात घाला. मग ज्याला चावलंय त्याच्याकडे वळा, साबणपाण्यानं जागा धुवा, त्याला जवळ घ्या. चावणाऱ्याला एवढंच: "चावायचं नाही. दुखतं." भाषण नको, आणि "तू पण चाव त्याला" हे तर कधीच नको. सॉरी जबरदस्तीनं वदवून घेण्यात मला काही अर्थ वाटत नाही. त्यापेक्षा ओला रुमाल त्याच्याच हातून आणवा. नंतर सगळं शांत झालं की "मला दे", "माझी पाळी" हे दोन-तीनदा म्हणवून घ्या.

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात हे जास्त लागतं. घरी तेलुगू, कुणाकडे कन्नड, कुणाकडे उर्दू. बालवाडीत आल्यावर मराठी. हवं ते तोंडानं मागता येत नाही म्हणून आधी हात चालतो, नाहीतर दात. तुम्हीही त्यांच्या घरचे चार शब्द शिकून घ्या. बाईंच्या तोंडून "वद्दु" (म्हणजे नको) ऐकलं की तेलुगू पोर क्षणभर थांबतं, आणि तो क्षण पुरतो. कोण, कधी, कशावरून चावलं ते वहीत लिहीत जा. आठवडाभरात दिसेल की भांडण त्याच एका ठोकळ्यावरून आहे. मग तसले ठोकळे आणखी आणा.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत मुलं रात्री उशिरापर्यंत जत्रेत असतात, सकाळी पेंगत येतात. त्या आठवड्यात नवीन काही शिकवू नका. आणि हातात येईल ती काठी नंदीध्वज, म्हणजे यात्रेच्या मिरवणुकीतली उंच मानाची काठी, होते! झाडूसुद्धा. "हर्र बोला हर्र" करत मिरवणूक निघाली की कुणाच्या तरी डोळ्यात टोक जाईल म्हणून बाया काठी हिसकावून घेतात. खेळ बंद करू नका, काठी बदला. वर्तमानपत्राची जाड गुंडाळी करा, वर कापडाची पट्टी बांधा. खरे नंदीध्वजही एकच माणूस शेवटपर्यंत धरत नाही, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. "खिडकीपर्यंत तू, दारापर्यंत ही" म्हटलं की पाळी म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही.

भीती घालणं हा आपल्याकडचा जुना रोग. पोलीस येईल, बाई इंजेक्शन देतील. मग अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी तेच मूल दारातूनच बोंब ठोकतं, आणि आपण म्हणतो किती हट्टी! हातावर स्टार काढणंही मला फारसं पटत नाही. ज्याला मिळत नाही तो दिवसभर दुसऱ्याचा हात बघतो. "सगळे ठोकळे टोपलीत ठेवलेस" असं काय केलं ते सांगितलं तरी मूल फुलतं.

आईबाप स्वतःच सांगतात, "बाई, दोन फटके द्या की." विडीच्या पानांपुढं दिवसभर वाकलेली आई दमलेली असते, तिला कायदा ऐकवू नका. कायदा तुम्ही लक्षात ठेवा: बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणं गुन्हा आहे. आईला त्या दिवशीचं एक चांगलं आधी सांगा, मग घडलेलं, तेही चारचौघांत नाही. कुणाच्या मुलानं चावलं ते नाव मात्र सांगू नका, गल्लीत भांडण पेटतं.

बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी गावात काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीवर, अंगणात नेली. अडलं की आधी आपली मांडणी तपासायची, हे मी तिथूनच घेतलं.

एवढं करूनही एखादं मूल नाव घेतल्यावर वळतच नसेल, तिसरं वर्ष उलटूनही बोलत नसेल, तर तो प्रश्न शिस्तीचा नाही. मागून टाळी वाजवून बघा. वळलं तरी वहीत नोंद करा आणि कान तपासायला पालकांना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं, तेव्हा ते मूल त्या दिवशी हजर असेल असं बघा. पथक यायला वेळ असेल तर थांबू नका, सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखवा.