पट्टीवरचं मराठी असं का बिघडतं? वेब सॉफ्टवेअरच्या भाषांतरात या चुका टाळा

लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानासाठी आम्ही जँगोमध्ये (पायथन भाषेतली वेब चौकट) सॉफ्टवेअर केलं. पहिल्याच दिवशी मुनीमजींनी शेतकऱ्याच्या पट्टीची, म्हणजे माल विकल्याच्या हिशोबाच्या पावतीची, प्रिंट माझ्यापुढं धरली. छापलं होतं: 'औसाहून आलेली हरभरा विकली.'

"काय ओ इंजिनिअर, हे कुण्या गावचं मराठी?"

चूक माझीच. कोडमध्ये वाक्याचे तुकडे जोडले होते: गावाचं नाव, त्याला 'हून आलेली', मग माल, मग 'विकली'. भाषांतर करणाऱ्याला एक्सेलमध्ये सुटे शब्द दिलेले. त्याच्या डोळ्यासमोर तूर असणार, म्हणून त्यानं 'विकली' लिहिलं. हरभरा विकला, तूर विकली, सोयाबीन विकलं, हे एका शब्दात बसवायचं कसं? आणि मराठीत नुसता प्रत्यय चिकटवून भागत नाही, नावच बदलतं. औशाहून, जालन्याहून, परांड्याहून. आमच्या चाचणीच्या डेटात नेमकी लातूर, बीड, नांदेड एवढीच नावं होती. त्यांना काहीही जोडा, बिघडत नाही. त्यामुळं चूक थेट गिऱ्हाइकासमोरच उघडी पडली.

उपाय दोन. पूर्ण वाक्य एकच संदेश म्हणून भाषांतराला द्या आणि बदलत्या जागांना नावं द्या, म्हणजे शब्दांचा क्रम भाषांतरकाराच्या हातात राहतो. नुसते दोन '%s' (बिननावाच्या बदलत्या जागा) दिलेत, तर कुठला कशाचा हे त्यानं ओळखायचं कसं? दुसरा उपाय, वाक्यरचनाच अशी करा की नावाला धक्का लागणार नाही. आमची पट्टी आता म्हणते: 'गाव: औसा. माल: हरभरा. विक्री झाली.' विक्री कायम स्त्रीलिंगी, माल कुठलाही असो. दिसायला रुक्ष आहे, पण मुनीमजींची तक्रार नाही.

एकाच इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ असले, तर संदर्भ जोडा. बटणावरचं 'ओपन' म्हणजे 'उघडा', बाजाराच्या स्थितीतलं 'ओपन' म्हणजे 'सुरू'. गेटटेक्स्टमध्ये (जँगो भाषांतरासाठी वापरतं ती प्रणाली) त्यासाठी 'एमएसजीसीटीएक्सटी'ची ओळ असते. ती न वापरल्यानं आमच्याकडं आठवडाभर 'बाजार: उघडा' दिसत होतं.

भाषांतर केलंय, पण पडद्यावर इंग्रजीच

आधी पीओ फाइलमध्ये (भाषांतरं लिहायची फाइल) त्या नोंदीवर 'फझी' शिक्का आहे का बघा. इंग्रजी मजकूर जरा बदलला, की 'मेकमेसेजेस' (कोडमधले संदेश पीओ फाइलमध्ये गोळा करणारा आदेश) जवळचं जुनं भाषांतर उचलून तिथं ठेवतं आणि 'हा अंदाज आहे, तपासा' म्हणून शिक्का मारतं. 'कम्पाइलमेसेजेस' (पीओवरून सॉफ्टवेअर वाचतं ती एमओ फाइल बनवणारा आदेश) अशा नोंदी गाळतं. फाइलमध्ये मराठी दिसतं, पडद्यावर इंग्रजी येतं, आणि माणूस तासभर डोकं खाजवत बसतो.

यावर सगळ्यात वाईट इलाज म्हणजे सगळे शिक्के एका आदेशानं पुसून टाकणं. आमच्या एका पोरानं ते केलं. 'टोटल वेट'साठी 'टोटल अमाउंट'चं भाषांतर उचललं गेलं होतं, ते तसंच लागू झालं. पट्टीवर आलं: 'एकूण रक्कम: २३.४० क्विंटल.' शिक्का काढायचा तो ओळ वाचूनच.

शिक्का नसेल, तर एमओ फाइल नव्यानं बनवली का, आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला का, हे बघा. चालू प्रक्रिया जुनं भाषांतर स्मृतीत धरून बसते. पीएचपीत गेटटेक्स्ट वापरत असाल, तर सर्व्हरवर मराठी लोकेल (त्या भाषेची प्रणालीतली मांडणी) बसवलंय का तेही तपासा. लॅपटॉपवर चालतं आणि सर्व्हरवर नाही, याचं कारण बऱ्याचदा तेच निघतं.

एकाची भाषा दुसऱ्याला

पान कॅशमध्ये (तयार पानांच्या तात्पुरत्या साठ्यात) ठेवताना त्याच्या किल्लीत, म्हणजे ओळखीच्या नावात, भाषा घातली नाही, तर पहिल्यांदा पान उघडणाऱ्याची भाषा सगळ्यांना मिळते. मॉडेलमधल्या शीर्षकांना साधं 'गेटटेक्स्ट' लावलं, तर सर्व्हर सुरू होतानाची भाषा कायमची चिकटते. तिथं 'लेझी' रूप (मजकूर दाखवतानाच भाषांतर करणारं) वापरा. मागं चालणाऱ्या सेलरीच्या (पडद्यामागची कामं चालवणारं सॉफ्टवेअर) कामांना तर ब्राउझरची भाषा कळतच नाही. एसएमएस मराठीत जायला हवा, तर शेतकऱ्याच्या नोंदीत भाषा साठवा आणि संदेश बनवण्याआधी ती लावा. आणि डीएलटीवर (एसएमएसचे साचे आधी नोंदवायची दूरसंचार कंपन्यांची व्यवस्था) नोंदवलेल्या साच्यातला शब्द भाषांतर फाइलमध्ये परस्पर बदलू नका, संदेश अडकतो.

गावांची नावं भाषांतर फाइलमध्ये नकोत

२०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा हे आम्हाला महागात पडलं. नाव हीच किल्ली होती, आणि ती टेम्प्लेट, पीओ फाइल, अहवाल अशी सगळीकडं विखुरलेली. जिल्ह्याला कोड द्या, नाव डेटाबेसमध्ये ठेवा. जागाही मोजा: 'औरंगाबाद' ८ अक्षरचिन्हांचं, 'छत्रपती संभाजीनगर' मधल्या मोकळ्या जागेसह १७ चं. देवनागरी एसएमएसचा एक भाग ७० चिन्हांचा, म्हणजे जवळजवळ पाव भाग नावातच जातो.

आम्ही तेव्हा घाईत सगळ्या डेटाबेसवर शोधा-बदला चालवलं. दुसऱ्या दिवशी मुनीमजींनी एका डाळ व्यापाऱ्याचं बिल आणून दिलं. पत्ता छत्रपती संभाजीनगर, राज्य बिहार, पिनकोड ८ नं सुरू होणारा. औरंगाबाद जिल्हा बिहारातही आहे.