आईच्या हाती नवा फोन देण्याआधी

नवा फोन घरी आला की पहिल्याच संध्याकाळी त्यात वीस-पंचवीस ॲप्स भरून द्यावीशी वाटतात. थांबा. आधी कागद-पेन घ्या आणि फोन ज्यांच्यासाठी आहे त्यांचा आठवडा लिहून काढा. मी आईचा लिहिला तो असा: गुरुवारी मुलुंडहून गिरगावला मावशीकडे, रोज सकाळी भाजी, महिन्यातून एकदा बँक आणि एकदा दवाखाना, नोव्हेंबरात हयातीचा दाखला, वर्षातून दोनदा चिपळूण. एवढ्या कामांना जे लागेल तेच फोनमध्ये टाकायचं, असं मी ठरवलं. ही सगळी कामं आमच्याकडे बाबांच्या फोनवर व्हायची. बाबा गेले, आणि आईला एक पास काढायचा तरी कुणाकुणाला विचारावं लागायला लागलं. ते मला बघवेना. म्हणून हे सगळं जुळवलं. तुमच्याही घरी अशी वेळ आली असेल, तर या क्रमाने करा.

ॲपच्याही आधी नंबर. ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात महत्त्वाची. बाबा गेल्यावर महिन्याभराने आईला तिच्याच खात्यातले पैसे हवे होते. ओटीपी जात होता बाबांच्या नंबरवर, आणि बाबांचा फोन कपाटात, बॅटरी उतरून पडलेला. मी तो चार्जिंगला लावला आणि आई कपाटाला टेकून, तो उजळायची वाट बघत उभी राहिली. उजळला तेव्हा त्यावर आमच्या तिघांचा फोटो आला. त्या दिवशी पैसे राहिलेच. तेव्हा बसा आणि यादी करा: बँक, आधार, पेन्शन, गॅस, वीज, सोसायटी. यातलं काय-काय कुणाच्या नंबरला जोडलेलं आहे ते तपासा आणि एकेक करून नंबर आईच्या नावे बदलून घ्या. बँकेत अर्ज देऊन आणि आधार केंद्रात स्वतः जाऊन आमचं काम झालं. सगळं बदलून होईपर्यंत जुनं सिम बंद पडू देऊ नका. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे दुसऱ्या कुणाला देऊही शकते. मग तुमचे ओटीपी परक्याच्या फोनवर. लहानसा रिचार्ज मारा, महिन्यातून एक-दोनदा त्यावरून फोन लावा.

आता फोन हातात घ्या, पण प्ले स्टोअर उघडू नका. सेटिंगमध्ये जा. भाषा मराठी करा, अक्षरं मोठी करा, स्क्रीन बंद व्हायचा वेळ वाढवून दोन मिनिटांवर ठेवा. मग आईला फोन द्या आणि गप्प बसून फक्त तिचं बोट बघा. माझी आई बोट टेकवते आणि जरा दाबून धरते, दाराची कडी लावताना धरावी तशी. फोनला वाटतं की तिला चिन्ह हलवायचं आहे, आणि चिन्हं इकडची तिकडे होतात. ‘माझ्याकडून बिघडलं वाटतं,’ म्हणून ती फोन खाली ठेवते. तिच्याकडून काही बिघडलेलं नसतं. ॲक्सेसिबिलिटीमध्ये ‘टच अँड होल्ड डिले’ नावाची सोय आहे, ती ‘लाँग’वर करा, आणि होम स्क्रीनची मांडणी लॉक करून टाका. आमच्याकडे या दोन गोष्टींनी जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याही ॲपने पडला नाही. अंगठ्याचा ठसाही तसाच. भांडी घासून, कणीक मळून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत त्यांचा ठसा फोन पटकन घेत नाही. हात कोरडे करून एकाच अंगठ्याचा ठसा दोनदा नोंदवा, एकदा सरळ आणि एकदा तिरका.

टायपिंगसाठी जीबोर्ड, म्हणजे गूगलचा कीबोर्ड. त्यात मराठी निवडलंत की बोलून लिहिता येतं आणि बोटाने गिरवूनही. आई माईकशी बोलायला लाजायची, पण गिरवून लिहायचा पर्याय दाखवल्यावर तिने पहिलाच मेसेज मावशीला धाडला: ‘पोचले की फोन करते’. जोडाक्षर चुकलं तर पुसून पुन्हा गिरवते, पाटीवर गिरवावं तसं. मावशीला ऐकायला कमी येतं. तिच्या फोनमध्ये मी गूगलचं ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ टाकून दिलं. समोरचा बोलतो ते मराठीत अक्षरांत उमटतं. डॉक्टरांसमोर बसताना तिला त्याचा फार आधार वाटतो.

मुंबईत फिरायचं तर गाडीचं तिकीट आलंच. त्यासाठी ‘रेलवन’. रेल्वेच्या ‘क्रिस’ संस्थेने १ जुलै २०२५ रोजी हे आणलं. लोकलचं तिकीट, पास, प्लॅटफॉर्म तिकीट आणि लांबच्या गाडीचं आरक्षणही त्यातच होतं. रेल्वेच्या पूर्वीच्या यूटीएस तिकीट-ॲपचं खातं असेल तर त्याच लॉगिनने चालतं. घरी बसून शिकवायच्या गोष्टी तीन. पहिली, कागदाविना तिकीट स्टेशनच्या आवारात शिरल्यावर किंवा गाडीत बसून निघत नाही, म्हणून चपला घालण्याआधी तिकीट काढायचं. दुसरी, टीसीला तिकीट ॲप उघडूनच दाखवायचं, स्क्रीनशॉट चालत नाही. तिसरी, वाटेत बॅटरी संपून फोन बंद पडला तर टीसीच्या लेखी तुम्ही विनातिकीट. म्हणून ठाणे-दादरच्या पुढचा प्रवास असेल त्या दिवशी पर्समध्ये छोटी पॉवर बँक. खरं सांगायचं तर जे आठवड्यातून तीन-चारदा जातात त्यांनी पासच काढावा, रोजची धाकधूक नको.

वेळापत्रकासाठी एम-इंडिकेटर. मुंबईकराला ते नव्याने सांगायची गरज नाही, पण आपल्या आई-वडिलांच्या फोनमध्ये ते असतंच असं नाही. इंटरनेट नसतानाही त्यात लोकलचं वेळापत्रक दिसतं, हा त्याचा मोठा गुण. कुर्ल्याच्या पुलावर रेंज गेली म्हणून पुढची गाडी कळेना, असं होत नाही. रविवारी निघायचं असेल तर आदल्या रात्री मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या कुठे बंद आहेत ते, बघायची सवय लावा. आई आता शनिवारी जेवणं झाली की स्वतःच बघते आणि मावशीला ‘उद्या नाही, सोमवारी येते’ म्हणून कळवते.

बेस्टची बस कुठवर आली आहे ते ‘चलो’ ॲपवर नकाशात दिसतं. उन्हात स्टॉपवर तिष्ठत उभं राहण्यापेक्षा बस दोन स्टॉपवर आली की घरातून निघावं. मेट्रोचं मात्र आमच्याकडे नवं पर्व आहे. भुयारी मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि गिरगावला स्वतःचं स्टेशन मिळालं. आई सीएसएमटीला लोकलमधून उतरते, खाली मेट्रोत जाते, काळबादेवी आणि मग गिरगाव, दुसरंच स्टेशन. पूर्वी तिथून टॅक्सी शोधताना तिची दमछाक व्हायची. जमिनीखाली रेंजचा भरवसा धरू नये, म्हणून मेट्रोचं तिकीटही वरच, उजेडात काढून घ्यायचं. त्याच महिन्यात ‘मुंबई वन’ नावाचं ॲपही आलं. त्यात लोकल, मेट्रो, मोनो आणि बस अशा अकरा सेवांचं तिकीट एकाच क्यूआर कोडवर निघतं. ज्यांचा प्रवास रोज वेगळा त्यांना ते सोयीचं. आईची वाट ठरलेली आहे, म्हणून मी तिच्या फोनमध्ये ते ठेवलं नाही. दोन ॲप्स एकच काम करायला लागली की तिचा गोंधळ होतो.

पैशांचं सगळ्यात सावकाश करा, एक दिवस फक्त त्यासाठी ठेवा. मी यूपीआयचं ‘भीम’ ॲप निवडलं. त्यात दोन सोयी वडीलधाऱ्यांसाठी फार उपयोगाच्या आहेत. एक यूपीआय लाइट. भाजीवाल्या मावशींना साठ रुपये द्यायचे तर पिन घालावा लागत नाही. एका वेळी १००० रुपयांपर्यंत देता येतात आणि त्यात एकूण ५००० रुपयेच राहू शकतात. म्हणजे घोळ झालाच तर तेवढ्याचाच. बाजारात चार माणसं मागे उभी असताना पिन आठवेना म्हणून आईच्या हाताला घाम फुटायचा, तो प्रकार थांबला. दुसरी सोय यूपीआय सर्कल, ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली. खातं तुमचं, पण खर्च आईने तिच्या फोनवरून करायचा. एक तर महिन्याला १५,००० रुपयांपर्यंतची मुभा देऊन ठेवा, नाहीतर दर वेळी तुमच्या फोनवर विचारणा येईल आणि पिन तुम्ही घालाल. आईचं स्वतःचं खातं आहे, त्यामुळे आम्हाला सर्कल लागलं नाही. पण ज्यांच्या आईच्या खात्यात पैसे कमी असतात आणि मागायला संकोच वाटतो, त्यांनी हे जरूर करावं. त्या माउलीला दर वेळी हात पसरावा लागत नाही.

आणि एक वाक्य तोंडपाठ करून घ्या: पैसे यायचे असतील तर पिन घालायचा नसतो. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. कुणी म्हणालं ‘तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका’, तर फोन ठेवायचा.

याच बैठकीत फसवणुकीचंही बोलून घ्या, पण घाबरवू नका. ‘आज रात्री साडेनऊला तुमची लाइट कापली जाईल, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज आमच्या बिल्डिंगमध्ये तिघांना आला होता. आईला मी सांगितलं ते इतकंच: मुलुंड-भांडुपला वीज महावितरणची, तिचं बिल महावितरणच्याच ॲपमध्ये दिसतं. तिथे बाकी शून्य असेल तर मेसेज खोटा. मावशीकडे गिरगावात वीज बेस्टची, तिने बेस्टचं बघायचं. उपनगरांत बऱ्याच ठिकाणी अदानी किंवा टाटा. आपली वीज कुणाची हे माहीत असलं की अर्धी भीती जाते. लग्नाची पत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर फाइल आली आणि नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल, तर ती पत्रिका नसून ॲप असतं, उघडायची नाही. सेटिंगमध्ये व्हॉट्सॲपला बाहेरची ॲप्स बसवायची परवानगी बंद आहे ना, तेही तुम्ही स्वतः बघा. पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणालाही अटक करत नाहीत, ‘डिजिटल अरेस्ट’ असं काही कायद्यात नाही, हे शांतपणे दोन-तीनदा सांगा. आणि तरीही पैसे गेलेच, तर रडत बसायच्या आधी १९३०, ही सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. जितका लवकर फोन, तितकी पैसे गोठवले जायची शक्यता जास्त. हा नंबर मी आईच्या फोनमध्ये ‘अ पैसे गेले’ या नावाने साठवला आहे, म्हणजे यादीत वरतीच राहतो. तिला हेही सांगितलं की असं झालं तर मी एक शब्दाने रागावणार नाही. लोक लाजेपायी लपवतात आणि त्यात वेळ जातो.

कागदपत्रांसाठी सरकारचं डिजिलॉकर ॲप. आधार, पॅन एकदा त्यात आणून ठेवलं की दवाखान्यात झेरॉक्स शोधावी लागत नाही.

हयातीच्या दाखल्याला जरा वेळ द्या. बाबा रेल्वेत होते, आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं आणि दर नोव्हेंबरात ती बँकेच्या रांगेत उभी राहायची, गुडघे दुखत असताना. ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन ॲप्स बसवली की फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून दाखला देता येतो. २०२१पासून ही सोय आहे. सकाळी खिडकीसमोर बसवा, उजेड चेहऱ्यावर यायला हवा, पाठीमागे नको. चष्मा काढायचा, आणि ॲप सांगेल तेव्हा डोळ्यांची उघडझाप करायची. आमचं तिसऱ्या प्रयत्नात झालं. आई उठली, देवापुढे साखर ठेवली आणि म्हणाली, ‘यंदा रांग नाही.’ केंद्राच्या पेन्शनरांचं वय ऐंशीच्या पुढे असेल तर ते १ ऑक्टोबरपासूनच दाखला देऊ शकतात, गर्दीच्या आधी.

पावसाळ्यासाठी हवामान खात्याचं ‘मौसम’ पुरे. चिपळूणला जायच्या दिवसांत मी ‘दामिनी’ही टाकते, वीज पडण्याचा इशारा त्यात आधी मिळतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा बाबा कुर्ल्याहून रुळांवरून चालत आले, रात्री दोनला. तेव्हापासून आमच्या घरी मुसळधार पावसात एकच नियम आहे: जिथे आहात तिथेच थांबा आणि कळवा. कळवायला व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन शिकवा, आठ तासांपर्यंत चालू ठेवता येतं. पालिकेचा आपत्कालीन नंबर १९१६, पोलीस-अग्निशमन-ॲम्ब्युलन्स सगळ्यांसाठी ११२. आमच्या फोनमध्ये पॉवरचं बटण लागोपाठ पाच वेळा दाबलं की मदतीचा फोन लागतो. तुमच्यात ते चालू आहे का बघून घ्या. लॉक स्क्रीनवर रक्तगट, औषधांची नावं आणि माझा नंबर लिहिला आहे, म्हणजे फोन उघडता आला नाही तरी वाचता येईल.

हे सगळं झालं की एक फेरी सोबत करा, पण शेजारी बसू नका. मी त्याच डब्यात समोरच्या बाकावर बसले. तिकीट तिने काढलं, मेट्रोच्या गेटवर क्यूआर तिने लावला, पहिल्यांदा उलटा आणि मग सुलट. मी काही बोलले नाही.

एक राहिलं. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आलेला आयएमईआय नंबर (फोनची स्वतःची ओळख), माझा नंबर, मावशीचा लँडलाइन, १९३० आणि ११२ एवढं जाड अक्षरात एका कागदावर लिहा. फोन हरवला तर सरकारच्या ‘संचार साथी’वर तो बंद करायला आयएमईआय लागतो, आणि तेव्हा तो फोनमध्ये असून उपयोग नसतो. आईच्या कागदाला मी दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक लावून चिकटपट्टीने बंद केलं आणि तो पर्सच्या आतल्या कप्प्यात, लोकलच्या जुन्या पासाशेजारी ठेवला.