पुरात बुडालेली गाडी वाचवायची असेल तर आधी चावी खिशातच ठेवा

पूर ओसरला की माणूस घरात शिरतो, भिंतीवरची पाण्याची रेष बघतो आणि मग अंगणातल्या दुचाकीकडं वळतो. चिखलानं माखलेली गाडी बघून जीव तुटतो, आणि हात आपोआप चावीकडं जातो, एकदा सेल्फ मारून तर बघू. तेवढं मात्र करू नका. किक नको, सेल्फ नको, उतारावर ढकलून गिअर टाकून तर अजिबात नको. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टनच्या वर पाणी असलं आणि इंजिन जोरात फिरवलं तर पाण्याला जायला जागा नसते, मग पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो.

हे मी करून बसलोय म्हणून सांगतोय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेलं होतं, तिथं धोका पातळी ४३ फुटांची आहे. आमच्या गल्लीत बरेच दिवस पाणी होतं. पाणी उतरल्यावर भावाची स्प्लेंडर पुसली, वरून कोरडी दिसली म्हणून उतारावर नेऊन दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला. खाड करून आवाज आला आणि मागचं चाक जाम. इंजिन खोललं तर रॉड वाकलेला. शेजारच्या काकांची गाडी त्याच पाण्यात तेवढीच बुडालेली होती, त्यांनी हातच लावला नाही, सरळ ढकलत गॅरेजला नेली, ती अजून चालतीय.

तर पहिल्या दिवशी काय करायचं. गमबूट आणि हातमोजे घाला, पुराच्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो आणि पायाला जखम असेल तर धोका जास्त. सीट उघडताना काठीनं उघडा, पुरात साप, विंचू असल्याच जागा धरून बसतात. मग फोटो काढा. गाडीवर पाणी कुठपर्यंत आलं ती रेष दिसली पाहिजे, नंबर प्लेट दिसली पाहिजे, मागं घर किंवा गल्ली आली तर अजून चांगलं. इन्शुरन्स फुल असेल तर पुराचं नुकसान त्यात येतं, नुसतं थर्ड पार्टी असेल तर येत नाही. लगेच कंपनीला फोन करून क्लेम नंबर घ्या. आणि हे नीट लक्षात घ्या, बुडालेली गाडी चालू करायला जाऊन इंजिन गेलं तर ते नुकसान पुराचं नाही, तुम्ही केलेलं, असं म्हणून क्लेम नाकारतात. इंजिनसाठी वेगळं कव्हर घेतलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

नुकसान बघायला येणारा इन्शुरन्सचा माणूस, म्हणजे सर्व्हेअर, यायला वेळ लागतो कारण अख्खं गाव बुडालेलं असतं. तोवर गाळ वाळतो, आणि वाळलेला गाळ हाच गाडीचा खरा वैरी आहे, पाणी नाही. म्हणून फोनवरच विचारून घ्या की बाहेरून धुऊ का, बॅटरी काढू का, ऑइल सोडू का, आणि उत्तर व्हॉट्सअॅपवर लेखी मागा. परवानगी मिळाली की थांबू नका. इंजिन खोलायचं मात्र त्यांनी बघितल्याशिवाय नको.

बॅटरीची आधी निगेटिव्ह वायर काढा, मग पॉझिटिव्ह. बॅटरी जोडलेली राहिली तर ओल्या कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडात, करंट फिरत राहतो आणि पिना हिरव्या पडून गळून जातात, मग तो फॉल्ट शोधण्यात महिने जातात. मग साध्या पाण्याच्या पाइपनं गाळ धुवा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनचा मोह होतो, पण त्या जोरानं गाळ बेरिंगमध्ये आणि स्विचमध्ये आणखी आत जातो. खाडीजवळचं खारं पाणी असेल तर गोड्या पाण्यानं दोनतीनदा धुवा, त्याला एक दिवस सुद्धा देऊ नका.

आता पाणी कुठपर्यंत होतं त्यावर पुढचं काम ठरतं. चाकाच्या मध्यापर्यंतच असेल तर ब्रेकचे ड्रम उघडून साफ करा, चेन धुऊन ऑइल करा, झालं. सायलेन्सरच्या वर किंवा एअर फिल्टरपर्यंत गेलं असेल तर इंजिनात पाणी गेलंय असंच धरून चाला, मनाची समजूत घालू नका.

इंजिन ऑइल आधी सोडायचं. गाडी मेन स्टँडवर घ्या, खाली पसरट भांडं ठेवा, नट ढिला करा. पाणी ऑइलपेक्षा जड असतं त्यामुळं गाडी बरेच दिवस उभी असेल तर आधी नुसतं पाणीच येतं, मातकट, मग त्यामागून ऑइल. ते ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं की समजायचं, पाणी मिसळलंय. आमच्या भावाच्या गाडीतनं निघालेलं ऑइल बोटावर घेतलं होतं मी, त्यात बारीक वाळू लागत होती, तीच वाळू आत फिरली असती तर क्रँकचं बेरिंग खाल्लं असतं. हे ऑइल गटारात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या.

मग प्लग काढा. प्लगच्या भोकातून चमचाभर नवीन इंजिन ऑइल सोडा, आणि गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं हळूहळू फिरवा. भोकातून पाणी पिचकारीसारखं उडतं, तोंड बाजूला ठेवा. चाक जड जात असेल किंवा अडकत असेल तर जोर लावू नका, तिथंच थांबून मिस्त्रीला बोलवा. सायलेन्सर काढून उभा करून ठेवा, त्यातनं निघणारं पाणी बघून लोक चकित होतात. एअर फिल्टर कागदाचा असेल तर फेकून नवा घ्या, फोमचा असेल तर धुऊन वाळवा आणि ऑइल लावून बसवा.

पेट्रोलचं बघू. टाकीत पाणी तळाला बसतं आणि कॉक किंवा पंप तिथूनच घेतो. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं आणि पेट्रोलपासून वेगळं होऊन खाली बसतं, म्हणून वरवर चांगलं दिसलं तरी ते पेट्रोल वापरू नका. टाकी उतरवून पूर्ण रिकामी करा आणि उन्हात तोंड उघडं ठेवून वाळवा, जवळपास चूल किंवा विडी नको. जुन्या गाडीचा कार्बोरेटर खोलून साफ करा, त्यातलं पेट्रोलचं बारीक भोक, म्हणजे जेट, तारेनं टोचू नका, हवेनं फुंकून घ्या. नव्या बीएस सिक्स गाडीत बहुतेक वेळा पेट्रोल पंप टाकीतच असतो आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर), सेन्सर वेगळे, तिथं घरच्या घरी प्रयोग करत बसू नका, कंपनीच्या माणसालाच द्या.

मग वायरिंग. टाकीखालचे, हेडलाइटमधले, सीटखालचे सगळे कपलर सुटे करायचे, एकेकाचा फोटो काढून, म्हणजे जोडताना गोंधळ होत नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा आणि साध्या हवेनं वाळवायचं, हीट गन नको, प्लास्टिक वितळतं. मॅग्नेटचं कव्हर आणि सेल्फ मोटार मिस्त्रीकडून खोलून घ्या. मोटारीत गाळ बसला की ती लगेच जात नाही, दोन महिन्यांनी जाते.

सगळं वाळलं, नवा प्लग, नवं ऑइल, नवं पेट्रोल, चार्ज केलेली बॅटरी, मगच चालू करा. पाचसहा मिनिटं रेस न देता चालू ठेवा, बंद करा, ऑइल परत सोडा. परत चहाच्या रंगाचं आलं तर परत बदला. तीन वेळा तरी करावं लागतं, म्हणून फ्लशिंगला भारीतलं ऑइल वापरू नका, त्याच ग्रेडचं स्वस्त चालतं. काही मिस्त्री इंजिनात डिझेल घालून गाडी चालू करतात, मला ते पटत नाही, डिझेलला वंगण कमी असतं आणि आधीच घासलेलं बेरिंग त्यात संपतं. ऑइल फिल्टर असेल तर शेवटच्या वेळेला नवा टाका. चालू झाल्यावर क्लच घसरत असेल तर प्लेटी बघून घ्या.

स्कूटर असेल तर बेल्टचं कव्हर आधी उघडा. तिथं गाळ भरलेला असतो, बेल्ट ओला राहिला की घसरतो आणि तुटतो. मागच्या गिअरचं ऑइल वेगळं असतं, ते सोडायचं लोक हमखास विसरतात. इलेक्ट्रिक गाडी असेल तर चार्जर लावू नका, ती घरापासून लांब उघड्यावर ठेवा आणि कंपनीला फोन करा, त्या बॅटरीचं काम घरी करायचं नसतं.

ब्रेकवर कंजुषी नको. डिस्क असेल तर ब्रेक ऑइल बदलाच कारण ते पाणी शोषतं, मग गरम झाल्यावर लिव्हर पोकळ लागतो. कॅलिपरचे पिस्टन साफ करून घ्या. पहिले दोनतीन दिवस गल्लीतच हळू चालवा, घाट आणि हायवे नंतर.

चाकाचं बेरिंग, हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेरिंग), मागच्या फोर्कचे बुश यांत पाणी गेलं तर आवाज महिन्याभरानं येतो. तेव्हा गाडी स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला आणि हँडल सावकाश डावीउजवीकडं फिरवा. मध्येच कुठंतरी दात अडकल्यासारखं लागलं तर कोनसेट गेला, तो लगेच बदलून घ्या.