टो करून आणलेली गाडी थरथरतेय? आधी प्रोपेलर शाफ्ट बघा

बोलेरोसारखी मागच्या चाकांवर चालणारी गाडी टो करताना बरेचदा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा गाडीखालचा लांब दांडा, सोडवतात. गाडी दुरुस्त होऊन येते आणि साठच्या पुढे गेली की सीटखाली थरथर सुरू होते. लगेच इंजिन माउंटिंग (इंजिनखालचे रबरी आधार) बदलायला निघू नका.

१. मोकळ्या, सरळ रस्त्यावर थरथर येईल त्या वेगाला गाडी न्यूट्रल करा, इंजिन चालूच ठेवा. थरथर तशीच राहिली तर दोष बहुधा शाफ्टमध्ये किंवा चाकांत आहे. स्टिअरिंग हलत असेल तर पुढची चाकं आधी बघा, रिमच्या आत वाळलेला चिखलही पुरतो.

२. गाडीखाली जाऊन शाफ्टवरून हात फिरवा. टोच्या साखळीने पोचा पडलाय का? शाफ्टचा तोल साधायला चिकटवलेली बॅलन्सिंगची पत्र्याची चकती निघून तिथे वेल्डिंगचे नुसते ठिपके उरलेत का? क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा अधिक-चिन्हासारखा सांधा) हाताने हलतोय का?

३. हे सगळं ठीक असेल तर मागच्या फ्लँजचे (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात त्या गोल तबकडीचे) बोल्ट काढा, शाफ्ट अर्धा फेरा फिरवून परत बसवा आणि चालवून बघा. जोडताना अर्धा फेरा चुकून बसलेला शाफ्ट एवढ्यानेच शांत होतो, खर्च फक्त मजुरीचा.

पुढच्या वेळी शाफ्ट सोडवण्याआधी दोन्ही फ्लँजवर मिळून पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ ओढून घ्या, म्हणजे जोडताना रेघेला रेघ जुळवता येते.

आणि शाफ्ट काढलेला असताना गाडी गिअरमध्ये टाकली तरी ती जागची थांबत नाही, म्हणून चाकांना दगड लावल्याशिवाय खाली शिरूच नका.